धूळ नव्हती ती

सदा,

परवा तुझ्या परंदवडीच्या घरी जाऊन फोटोंचं लोखंडी कपाट उघडलं. किल्ली मंगलवहिनींनी दिली. आतला पंधराचा बल्ब चालूच होता. तू गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता, आणि तो लावायचा नसतो हे त्या घरात सगळ्यांना पाठ आहे. श्रावणात आपल्या मावळात चपलेला बुरशी येते, तिथे फोटोच्या कागदाची काय कथा. ओल शोषणारे निळे खडे तेवढे गुलाबी पडले होते. वहिनींकडून तवा मागून घेतला, खडे भाजून परत निळे केले, पुरचुंड्या बांधून जागच्या जागी ठेवल्या. इथपर्यंत मी ठीक होतो.

मग सर्वांत खालच्या खणात, प्रतींच्या खोक्याखाली, एक खाकी पाकीट सापडलं. त्यावर पेन्सिलीनं तुझं अक्षर होतं. 'न पुसलेली. घरातच राहू द्यायची. दिन्याला दाखवायची नाही.'

दिन्या म्हणजे मी. दुसरं कुणी मला त्या नावानं हाक मारत नाही.

मी तुझ्यावर काही लिहीन असं कुणाला वाटलं नसेल. तळेगावच्या शोकसभेत मला पुढे बोलावलं तेव्हा मी नुसते हात जोडले आणि जागेवर येऊन बसलो. लोकांना वाटलं, गहिवरला. मी गहिवरलो नव्हतो. माझ्याआधी चार जण बोलले होते आणि चौघंही 'निर्मनुष्य'वर बोलले होते. तुझा तो प्रसिद्ध फोटो. मे महिन्यात पाणी ओसरलेलं पवनेचं खोरं, तडकलेला चिखल, त्यात धरणात गेलेल्या गावाच्या जोत्यांच्या रेघा, मागे धुरकट डोंगर, आणि चिटपाखरू नाही. चौघांनीही त्या रिकामपणाचे अर्थ सांगितले. मी खाली मान घालून बसलो होतो, कारण ते रिकामपण मी केलेलं आहे. तीन शून्याच्या बारीक ब्रशानं, लोणावळ्याच्या बाजारातल्या स्टुडिओत बसून, तिसऱ्या प्रहरी, चहा निवत ठेवून.

आज ते सगळं सांगतो. तुला माहीत होतं हे मला आता कळलंय, म्हणजे खरं तर सांगायला उरलेलं तुला काही नाही. पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

*

मी टचिंगवाला. हल्लीच्या मुलांना हा शब्द समजत नाही म्हणून सांगतो. फोटो कागदावर छापताना निगेटिव्हवर धुळीचा कण बसलेला असला, तर कागदावर तेवढ्या जागी उजेड पोचत नाही आणि पांढरा ठिपका राहतो. तो बारीक ब्रशानं, आजूबाजूचा करडा जुळवून, भरून काढायचा. हेच माझं काम. शिवाय लग्नाच्या फोटोत कुणाचे डोळे मिटलेले असले तर उघडून द्यायचे, पासपोर्टच्या फोटोतली मुरमं घालवायची. ब्रशाला टोक ओठांनी आणायचं. रंगात थोडा डिंक मिसळायचा, म्हणजे कागदाची चकाकी जुळते. तू मला म्हणायचास, "दिन्या, तुझ्या जिभेला काळं लागलेलं असतं, खोटं बोललास तर दिसायचं नाही."

तू तेव्हा नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात शिफ्टला होतास. शिफ्ट सुटली की तो पेटीसारखा जड कॅमेरा पाठीवर टाकून डोंगरात. घरामागच्या खोलीच्या खिडक्यांना डांबरी कागद ठोकून तू डार्करूम केली होतीस आणि फोटो धुवायला न्हाणीघर. वहिनी म्हणायच्या, "आमच्या घरात आदी डोंगर आंगूळ करत्यात, मग मानसं." मी हसायचो. त्या घरात मी जितकं हसलो तितकं कुठेच नाही.

त्या वर्षी मे महिन्यात तू पहिल्यांदा आबांबरोबर खोऱ्यात उतरलास. तुझे वडील दर उन्हाळ्यात, पाणी खाली गेलं की, जुन्या घराच्या जागेवर जायचे. घर नव्हतंच. जोतं होतं आणि उंबऱ्याचा दगड. त्या दगडाला पाणी घालून कुंकू लावून परत यायचे. वर्षभर पाण्याखाली असलेल्या दगडाला पाणी घालायचं. मी एकदा विचारलं होतं तर म्हणाले, "त्ये पानी धरनाचं. आपल्या हातचं येगळं."

तू डोंगराच्या सोंडेवरून फोटो घेतलास. मी बरोबर नव्हतो. फोटोत काय आहे ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

आठवड्यानं तू पहिली प्रत घेऊन स्टुडिओत आलास. दुसऱ्या दिवशी पुण्यात प्रदर्शन लागायचं होतं आणि तुला दुपारच्या शिफ्टला पोचायचं होतं. प्रत माझ्या टेबलावर ठेवून तू म्हणालास, "निरखून बघ. मग सांग मला."

मी निरखून बघितलं, सदा. भिंग लावून, डावीकडून उजवीकडे, वरून खाली, माझ्या पद्धतीनं. आभाळात दोन ठिपके होते, डोंगरावर एक केसासारखी रेघ होती आणि मधल्या चिखलात, जोत्याच्या रेघेशी, तिळापेक्षा लहान एक पांढरा कण. चारही भरून काढले. चौथ्याला वेळ लागला, कारण चिखलाचा करडा तिथे दर केसागणिक बदलत होता. झाल्यावर मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मालकांना दाखवलं, "सांगा बघू, कुठं होता?" त्यांना सांगता आलं नाही.

तेव्हाच फ्रेम चढवली आणि पुण्याला जाणाऱ्या गाडीत ठेवून दिली. तू रात्रपाळीच्या माणसाकडे काम सोपवून फोन केलास. "बघितलंस?"

"बघितलं. झकास."

"काही वाटलं?"

"खोरं जिवंत आलंय," मी म्हटलं. आजही हेच शब्द आठवतात. तू खूश झालास. तुला वाटलं, मला दिसले.

*

प्रदर्शनात मी तुझ्या शेजारी उभा होतो. तू फ्रेमसमोर गेलास, वाकलास, मग डोकं बाजूला घेऊन तिरक्या उजेडात बघितलंस. टचिंग केलेली जागा समोरून कळत नाही, पण तिरकं पाहिलं तर तेवढाच ठिपका मंद दिसतो. हे मीच तुला शिकवलं होतं. तू सरळ झालास. तुझा चेहरा मला कळला नाही. मला वाटलं, फ्रेमच्या काचेवर काही राहिलं असेल.

फ्रेमखाली एक लहान कार्ड टोचलेलं होतं, नाव लिहिलेलं. ते मी वाचलं नव्हतं. तेवढ्यात एक गृहस्थ आले. वर्तमानपत्रात चित्रांवर लिहायचे, सगळे त्यांना वाट करून देत होते. ते फोटोसमोर बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "माणसाची खूण आहे, माणूस नाही. हे निर्मनुष्यपण फार धाडसी आहे हो."

तू हात पुढे केलास आणि कार्ड उपसून खिशात टाकलंस. दुसऱ्या दिवशी तिथे नवं कार्ड होतं. 'निर्मनुष्य.'

पहिलं कार्ड परवा त्या खाकी पाकिटात, न पुसलेल्या प्रतीबरोबर निघालं. टाचणीचं भोक आहे त्याला. 'आबा, घराच्या जागी.'

त्या गृहस्थांना तू म्हणू शकत होतास, "अहो, माणूस आहे त्यात, आमच्या टचिंगवाल्यानं गाढवपणा केला." सगळे हसले असते. मी लाजेनं मेलो असतो आणि दुसऱ्या दिवशी परत जिवंत झालो असतो. एक वाक्य होतं, सदा. तू ते गिळलंस आणि ते निर्मनुष्यपण घेतलंस. पहिल्यांदा आबांना पुसलं मी. तो अडाणीपणा होता. दुसऱ्यांदा पुसलं तू, आणि तुला सगळं दिसत होतं.

हे मी तुझ्या जिवंतपणी म्हणू शकलो नाही, कारण माझेही हात काळे होते. ते आता सांगतो.

*

दोनेक महिन्यांनी तू दुसरी प्रत आणलीस. बारा प्रती काढायच्या असं ठरलं होतं, क्रमांक घालून. मी भिंग लावलं. आभाळातले ठिपके नव्हते. डोंगरावरची रेघ नव्हती. तू निगेटिव्ह पुसून परत लावली होतीस, म्हणजे जुनी धूळ गेली होती, नवी दोन ठिकाणी बसली होती. आणि जोत्याच्या रेघेशी, त्याच जागी, तोच तीळ.

आमच्या धंद्यात लिहून न ठेवलेला एक नियम आहे. धूळ दोनदा एका जागी बसत नाही.

मी मोठं भिंग काढलं. तीळ उभा होता. वर जाड, खाली निमुळता. पटका आणि सदरा. पुढे किंचित वाकलेला, हातातून काहीतरी ओतत असल्यासारखा.

मला कळलं. तिथल्या तिथे कळलं. पुढे कधीतरी लक्षात आलं असं मी आजवर मनाशी म्हणत आलो, ते खोटं. त्या टेबलाशी, त्या मिनिटाला कळलं. आणि मी काय केलं? ब्रश ओठात धरला, टोक केलं आणि आबांना भरून काढलं. पहिली प्रत कुणाच्या तरी भिंतीवर गेली होती, वर्तमानपत्रात छापून आली होती. बाराही प्रती एकसारख्या हव्यात. आणि हा माणूस आहे असं म्हणायला गेलो असतो तर आधी मी काय केलं ते सांगावं लागलं असतं. मी काही सांगत नाही, हा माझा स्वभावच, त्यामुळे कुणाला शंका येत नाही.

तू मला ती प्रत देताना ठिपक्याबद्दल काही बोलला नाहीस. परत घेताना तू ती तिरक्या उजेडात धरलीस, मान हलवलीस आणि म्हणालास, "हं. सारखी आली." मला वाटलं, सुटलो.

तिसरीलाही तसंच. चौथीला आबा आले.

*

ते डोळे तपासायला लोणावळ्याला आले होते. जिना चढून स्टुडिओत आले, पासपोर्टच्या स्टुलावर बसले, पिशवी मांडीवर. चौथी प्रत टेबलावर पसरलेली होती. टचिंग झालं होतं. रंग वाळत होता.

"दिनू, कामात हायस व्हय?"

"या आबा. पाणी देऊ?"

"ऱ्हाऊ दे. सदा म्हनतूय, म्या हाय म्हनं त्या फोटूत. म्हनलं, दाव की. तर म्हनला, दिनूकडं हाय, त्यो दावंल. कुटं हाय रं?"

तू त्यांना माझ्याकडे का धाडलंस? हा एकच प्रश्न मला तुला विचारायचा होता आणि तो विचारण्यासाठी आधीचं सगळं कबूल करावं लागलं असतं, म्हणून राहिला. मला पकडायला धाडलंस? की तुझ्याच्यानं त्यांना सांगवेना, म्हणून माझ्या अंगावर घातलंस? घरात तुझ्याकडे निगेटिव्ह होती. पाच मिनिटांत एक प्रत काढून त्यांच्या हातात देता आली असती. तू तुझ्या म्हाताऱ्या बापाला बस बदलून, जिना चढून, माझ्याकडे पाठवलंस.

मी भिंग त्यांच्या हातात दिलं. माझं बोट ओल्या रंगाच्या शेजारी ठेवलं, अगदी टोकाशी.

"हितं, आबा. उंबऱ्यापाशी. दिसतंय?"

ते वाकले. भिंग वरखाली केलं. 

"व्हय की," आबा म्हणाले. "दिसतूय. पटका बी दिसतूय." मग भिंग खाली ठेवून हसले. "लय बारीक आलोय पर."

"लांबून काढलाय ना."

"तर काय. धरनापुढं मानूस बारीकच यायचा."

जाताना त्यांनी पिशवीतून दोन पेरू काढून टेबलावर ठेवले. फोटोवर रस सांडू नये म्हणून लांब ठेवले. ते त्या हिवाळ्यात गेले. मी खांदा दिला, तुझ्या मागच्या बाजूला होतो.

मला वाटत होतं, आबांना खरंच दिसलं. मोतीबिंदूच्या डोळ्यांना काहीही दिसतं. या एका समजुतीवर मी इतकी वर्षं जेवलो-झोपलो.

*

रागातही एक गोष्ट लिहायलाच हवी. कॉम्प्युटर आले, टचिंग संपलं, स्टुडिओ बंद पडला. लोणावळ्यात माझ्यासारख्याला मग दोनच कामं होती, चिक्कीच्या खोक्यांवरची नावं रंगवायची नाहीतर भुशी धरणाच्या वाटेवर भिजलेल्या लोकांचे मोबाइल पुसून द्यायचे. तू मला बोलावलंस. "माझ्या प्रिंटांची काळजी कोण घेणार? तू घे." माउंटला कोणता बोर्ड वापरायचा, फोटो कधी पश्चिमेच्या भिंतीवर लावायचा नाही, कडेला कागदातली चांदी निळसर होऊन वर यायला लागली तर काय समजायचं, हे आपण दोघांनी मिळून शिकून घेतलं. ज्यांच्या घरी तुझे फोटो होते त्यांना तू सांगायचास, हात लावायचा तर दिनूनंच. त्यावर माझं घर चाललं. माझ्या मुलीचं शिक्षण झालं. मी तुझा ऋणी आहे, आणि हे मी दात-ओठ खात लिहितोय असं तुला वाटलं तर तेही खरं आहे.

कारण तुझे टोमणे आता मला नव्यानं ऐकू येतात. लोकांना माझी ओळख करून देताना तू म्हणायचास, "हा दिनू. याच्या हातून माणूस सुटत नाही." मी ते कौतुक म्हणून घ्यायचो. आपला तो कायमचा वाद, तुझ्या फोटोत माणसं का नसतात हा. मी म्हणायचो, "सदा, मावळात असा कोपरा नाही जिथं कुणी गुरं घेऊन उभा नाही. तुलाच ते बरे दिसत नाहीत." तू म्हणायचास, "माणूस आला की डोंगर पाठमोरा होतो." ते वाक्य तू भाषणातही वापरायला लागलास. आणि एकदा, तिकोन्याच्या पायथ्याशी चहा पिताना, मी फारच लावून धरलं तेव्हा तू कप खाली ठेवलास आणि म्हणालास, "तू नको बोलूस यावर. तू तर नकोच."

मी उरलेला चहा संपवला. तूही. चहावाल्यानं विचारलं, "भाऊ, अजून एक देऊ का?" आपण दोघंही एकदम "हो" म्हणालो. तिथे होतं दार, सदा. दोघंही उंबऱ्यावर उभे होतो आणि दोघांनी दुसरा चहा मागवला.

*

पाकीट हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. वहिनी कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी पाकिटाकडे बघितलं आणि काम थांबवलं नाही.

"किल्ली समजून-उमजूनच दिली, भावजी," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यास्नी म्हाईत हाय. सईला बी." सई म्हणजे तुझी मुलगी, जी मला काका म्हणते, जिचा बारशाचा फोटो मी टच केलाय.

"कधीपासून?"

"आबा त्याच सांजला सांगत हुतं. म्हनलं, फोटूत म्या काय न्हाई. नुसता चिखुल. पर पोरगं इतकं भ्यालं हुतं. म्हनलं, व्हय, दिसतूय."

मी पाकीट ओट्यावर ठेवलं.

"मग मला का नाही सांगितलंत कुणी?"

"ह्यांनी शपथ घातल्याली. म्हनलं, दिनूला कळलं तर त्यो बरश टाकून दील." मग त्यांनी कोथिंबीर बाजूला सारली. त्यांना हे सांगावं की नाही कळत नसावं. "आबांच्या श्राद्धाला त्योच फोटू पाटावर मांडायचो. दुसरा चांगला हुता कुटं? तुमी जेवाय यायच्या आदी उचलून ठेवायचो."

वीस-बावीस श्राद्धांना मी तुझ्या घरी जेवलोय. दर वेळी मी दारात आलो की कुणीतरी आबांना पाटावरून उचलून कपाटात ठेवलंय. मग तू मला म्हणालास, "ये, बस." मला वाढलंस. पुरण आवडतं म्हणून दुसऱ्यांदा वाढलंस. सई लहान असताना एकदा माझ्या पानाकडे बघत बसली होती, तू तिला डोळ्यांनी गप्प केलंस, मला वाटलं आगाऊपणा करत असेल.

तुम्ही सगळे मला सांभाळत होतात. आबा, तू, वहिनी, ती पोरगी. हे चांगुलपण आहे हे मला कळतं. पण मला वाटत होतं की माझं एक गुपित आहे आणि ते मी एकटा वाहतोय, आणि त्या ओझ्याला निदान माझी म्हणून एक किंमत होती. ते गुपित नव्हतंच. पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असलेली गोष्ट मी छातीशी धरून बसलो होतो, आणि तुम्ही मला तसं बसू दिलंत. वेड्या माणसाला बसू देतात तसं.

आणि 'ब्रश टाकून देईल' म्हणे. टाकला असता तर काय बिघडलं असतं? तुझ्या पुढच्या प्रती अडल्या असत्या. पाचवीपासून बारावीपर्यंत दर वेळी तू तो ठिपका जसाच्या तसा छापून माझ्यासमोर ठेवलास. मला माहीत होतं काय पुसतोय, तुला माहीत होतं काय पुसून घेतोयस. आणि तू म्हणायचास, "हं. सारखी आली."

*

पुण्याच्या एका संग्रहालयाच्या बाई काल तुझ्या घरी आल्या. त्यांना पहिली प्रत हवी आहे. फिरत-फिरत ती तुझ्याकडेच परत आली होती. घेण्याआधी प्रत्येक गोष्टीची नोंद करतात, कुठे तांबूस डाग, कुठे चांदी वर आली, कुठे हाताचं काम. सई म्हणाली, "काका, तुम्हीच लिहा, तुम्हाला या प्रती पाठ आहेत." तिच्या तोंडाकडे मी बघितलं. ती पोरगी तुझ्यासारखी गप्प बसण्यात तरबेज नाही. तिचे डोळे भरले होते.

मी ठरवलेलं नव्हतं. रात्रभर ठरत नव्हतं. लिहिलं तर तुझं निर्मनुष्यपण गेलं, ती सगळी भाषणं गेली, शोकसभेतले चौघं खोटे पडले. नाही लिहिलं तर आबा कायमचे गेले, कारण संग्रहालयाच्या वहीत जे लिहिलं जातं तेच पुढे खरं धरतात.

बाईंनी पांढरे हातमोजे घातले, प्रत खिडकीशी नेली, बॅटरी कागदाच्या कडेला आडवी धरली. हळूहळू पुढे सरकवली. जोत्याच्या रेघेशी थांबल्या.

"इथे हाताचं काम आहे. फार सफाईचं."

"हो."

"धूळ होती का?"

वहिनी दारात उभ्या होत्या. सई उभी होती.

"नाही," मी म्हटलं. "माणूस होता."

बाईंनी बॅटरी बंद केली. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी दोन्ही प्रती शेजारी ठेवून भिंगातून पाहिल्या, बराच वेळ. मी विचारलं, हा रंग ओल्या कापसानं निघेल, काढू का? त्या म्हणाल्या, "आम्ही काढत नाही. झालेलं झालं म्हणून ठेवतो. फक्त लिहितो."

मग लिहायला बसलो. माझं अक्षर तुझ्यासारखं नाही, शाळेतल्यासारखं गोल आहे. नोंदीच्या रकान्यात लिहिलं: 'खालच्या तिसऱ्या भागात, मध्याच्या किंचित डावीकडे, टचिंग. त्याखाली मानवी आकृती. टचिंग मी केले. पहिल्या प्रतीवर न कळून, पुढच्या अकरांवर कळून.' खाली पूर्ण नावानं सही केली. 'चित्रात काय आहे' असा एक रकाना होता. तिथे आबांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, वहिनींना विचारून लिहिलं, आणि पुढे: 'आपल्या घराच्या उंबऱ्याला पाणी घालताना.' एवढ्या वर्षांत ते नाव त्या फोटोबरोबर कुणी लिहिलं नव्हतं.

आज हा लेख छापायला देण्याआधी वहिनींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "माजं बोलनं हाय तसंच ऱ्हाऊ द्या. सुदरू नका." 

नोंदीचा कागद मी काल बाईंकडे सरकवला. त्यांनी वाचला, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं. ती मी कोरी सोडली होती.

"शीर्षक राहिलं. 'निर्मनुष्य'च ठेवायचं, की ते कार्डावरचं?"

माझ्या चुकीचं मी लिहिलं होतं. तुझं मी लिहिणार नव्हतो, झाकणारही नव्हतो. जो तो आपलं बघेल. मला अजून तुझा राग येत होता, सदा, आणि त्या रागातच, इतक्या वर्षांच्या सवयीनं, मी म्हटलं, "ते सदालाच विचारा."



बाई हळूच म्हणाल्या, "ते तर गेले ना."

मी तुला खांदा दिला होता, तुझ्या दहाव्याला आलो होतो, शोकसभेत तासभर बसलो होतो. पण तू गेलास हे मला काल दुपारी, त्या कोऱ्या ओळीसमोर कळलं. मी पेन खाली ठेवलं आणि पडवीत जाऊन रडत बसलो. सई मागोमाग आली आणि शेजारी बसली. तिनं मला गप्प केलं नाही.